त्वचेची तटबंदी

नाशिकजवळील देवळाली कॅम्प हे गाव कोरड्या, आरोग्यदायी हवेविषयी प्रसिद्ध आहे. परंतु पौषातील बोचऱ्या थंडीत हीच कोरडी हवा मुलांना जाचते. गाल उलतात, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. मग रात्री निजण्यापूर्वी खोबरेल तेलाचा हात फिरतो आणि त्वचा मऊ होते. हे झाले वरून लावलेले तेल. त्वचा स्वतःही काही स्निग्ध द्रव्ये आतल्या आत सिद्ध करीत असते. तिचे खरे रक्षण त्यांच्यामुळेच होते.

त्वचा असंख्य पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असून त्यात स्निग्ध द्रव्यांचे दोन थर असतात. १९२५ साली हॉलंडमधील गॉर्टर व ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी रक्तातील तांबड्या पेशींवर प्रयोग करून हे दाखविले.

बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींचे सतत विभाजन होत असते. नवी पेशी हळूहळू वर सरकते आणि सरकता सरकता तिचे रूप पालटते. केसांत व नखांत आढळणारे केराटिन नावाचे चिवट प्रथिन तिच्यात साठते, तिचे केंद्रक नाहीसे होते आणि ती चपटी व कठीण बनते. या स्थित्यंतरास विभेदन म्हणतात. शेवटी ती निर्जीव होते. पण तत्पूर्वी आपल्यातील स्निग्ध द्रव्ये बाहेर सोडून ती आसपासच्या फटी लिंपून टाकते. पेशी या विटा आणि स्निग्ध द्रव्ये हा चुना, अशी ही तटबंदी आहे. तिच्यामुळे शरीरातील पाणी आत टिकते.

मात्र भिंत कशी बांधावी, हे चुना कधी गवंड्याला सांगत नाही. त्वचेतील स्निग्ध द्रव्ये तेही सांगतात! सेरामाइड नावाचे स्निग्ध द्रव्य वाढले, की पेशींचे विभाजन मंदावते व विभेदन सुरू होते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. २०२२ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी त्वचेच्या आतील थरातील पेशी तपासल्या. वरकरणी सारख्या दिसणाऱ्या त्या पेशींतील स्निग्ध द्रव्यांची घडण निरनिराळी होती आणि पेशी कोणते कार्य पत्करणार, हे ठरविण्यात त्या घडणीचाही वाटा होता.

ही द्रव्ये सिद्ध करण्यास लागणारी सारी सामग्री शरीरास निर्माण करता येत नाही. १९२९ साली अमेरिकेतील जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या अन्नातून स्निग्धांश अजिबात काढून टाकला. उंदरांची वाढ खुंटली आणि त्यांच्या त्वचेवर खवले धरले. पुढे लिनोलेइक अम्ल असलेले तेल थोडेसे देताच ते सुधारू लागले. हे अम्ल माणसालाही अन्नातूनच मिळवावे लागते.

आपल्या देशातही याचा प्रत्यय आला. कुपोषित मुलांच्या कोपरांवर व गुडघ्यांवर काही वेळा खरखरीत, काटेरी पुरळ येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी अशा मुलांना करडईचे तेल व ब-जीवनसत्त्वे देऊन पाहिली, तेव्हा त्यांची त्वचा सुधारली. करडईच्या तेलात लिनोलेइक अम्ल विपुल असते. तीळ व शेंगदाणे यांतही ते पुष्कळ असते.

थंडीने उललेले गाल तेलाच्या हाताने बरे होतात. परंतु एखाद्या मुलाची त्वचा बारा महिने खरखरीत असेल, तर ‘हा अंघोळ करीत नाही’ असे म्हणून त्याला कोणी हिणवू नये. दोष कित्येकदा त्याच्या स्वच्छतेत नसून त्याच्या ताटात असतो. आणि त्या ताटात पुरेसे अन्न पडेल, हे पाहणे इतरांचेही कर्तव्य आहे.