हयातीचा दाखला

पेन्शन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरात, आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. तो दिला नाही तर पेन्शन थांबते. सातारा हा फौजी माणसांचा जिल्हा. इथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर लोक ‘मिलिटरी’च लावतात. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला, की सातारच्या बँकांपुढे निवृत्त जवानांच्या आणि जवानांच्या विधवांच्या रांगा लागत. डोक्यावर पदर, हातात पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक.

१९८९ साली मी तिथल्या एका शाखेत अधिकारी म्हणून बदलून आलो, तेव्हा या रांगेपुढच्या काऊंटरवर पंचविशीतला एक कारकून बसत असे. त्याचं नाव इथं लिहीत नाही; छापून आलेलं नाव त्यालाच आवडलं नसतं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. आधी हाताखालचा, मग वर्षभरात मित्र. शाखेत मला ‘साहेब’ म्हणायचा आणि बाहेर चहाच्या टपरीवरही ‘साहेब’च, पण टपरीवरच्या ‘साहेब’मध्ये थट्टा असायची.

विधवांना हयातीच्या दाखल्याबरोबर आणखी एक कागद द्यावा लागे. आपण पुनर्विवाह केलेला नाही, असं लिहून द्यायचं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला भरल्या बँकेत हा प्रश्न विचारायचा कसा? कोणी नुसतंच “इथं अंगठा करा” म्हणे, कोणी मोठ्यानं वाचून दाखवी आणि मागची रांग हसे. हा पठ्ठ्या काऊंटरमागून उठून बाहेर यायचा, बाईंना बाकावर बसवायचा आणि हळूच म्हणायचा, “आजी, सरकार विचारतंय, मालकांचं नाव अजून लावता न्हवं?” “मग! मरस्तवर लावणार,” असं म्हणून बाई ताठ मानेनं अंगठा उठवायची. कागद तोच, पण तिची मान खाली जात नसे.

महिन्याच्या वीस तारखेला तो एक वही काढायचा. न आलेल्यांची नावं त्यात असत. मग रविवारी साताऱ्यातच तयार झालेली त्याची प्रिया स्कूटर निघायची. दाखल्यावर अधिकाऱ्याची सही लागते, म्हणून मागे मी. गोडोलीत, शाहूपुरीत, कधी घाटापलीकडच्या एखाद्या वाडीत. एका घरी अंथरुणाला खिळलेले सुभेदार आम्हाला पाहून उठून बसायची धडपड करू लागले, तेव्हा यानंच पुढं होऊन त्यांना आधी कडक सॅल्यूट ठोकला. म्हातारबुवा खुदकन हसले आणि पुन्हा निवांत टेकले. सहीला एक मिनिट लागे. हा तासभर बसे. औषधाच्या बाटल्या पाही, आलेली पत्रं वाचून दाखवी, चहा होईस्तोवर हलत नसे. एकदा परतताना मला म्हणाला, “साहेब, कागद आपला आहे. पण वर्षात यांच्याकडं दुसरं येतंय कोण?”

१९९५ च्या फेब्रुवारीत एका रविवारी रात्री त्याच्या छातीत जळजळू लागलं. पित्त असेल म्हणून आईकडून लिंबू-सोडा घेतला आणि आडवा झाला. पहाटेपूर्वीच सगळं संपलं. एकतिसावं वर्ष चालू होतं. लग्नाची बोलणी चालली होती. संगम माहुलीला कृष्णेच्या काठी आम्ही उभे होतो, तेव्हा बँकेतली मंडळी कमी आणि धोतर-पागोट्यातली, काठी टेकत आलेली अनोळखी माणसंच जास्त होती.

त्याच्या खात्याचे कागद माझ्याच टेबलावर आले. बँक ठेवींना नॉमिनेशनची सोय १९८५ पासून झाली. अंगठा उठवणाऱ्याच्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात, म्हणून कितीतरी फॉर्मवर साक्षीदार म्हणून यानं सही केलेली. स्वतःचा फॉर्मही त्यानं पहिल्याच वर्षी भरून ठेवला होता, आईच्या नावे. वारस दाखल्यासाठी माउलीला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. नॉमिनी हा वारसांचा विश्वस्त असतो, एवढं आम्ही नियमाप्रमाणे समजावून सांगितलं. तिनं सही केली आणि विचारलं, “तो कुठं बसायचा?” आम्ही काऊंटर दाखवला. पण ती बसली समोरच्या बाकावर, जिथं तो म्हाताऱ्यांना बसवायचा तिथं.

त्या वर्षीचा नोव्हेंबर अवघड गेला. “तो पोरगा कुठाय?” रांगेतला दर दुसरा माणूस विचारी. आपण जिवंत असल्याचं सांगायला आलेल्या ऐंशीच्या माणसाला काय सांगायचं? नव्या कारकुनानं सोपा मार्ग काढला. “बदली झाली,” म्हणू लागला. बहुतेकांनी मान डोलावली. १९६५ च्या लढाईत नवरा गमावलेली एक बाई मात्र हलली नाही. म्हणाली, “बदली न्हाई. बदली झालेला माणूस सांगून जातो.” मग तिनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उठवला आणि पुसायला पुढं केलेली चिंधी न घेताच निघून गेली.

२०१४ च्या नोव्हेंबरात सरकारनं ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं. आता बोटाच्या ठशावर, किंवा मोबाइलपुढं चेहरा धरूनही दाखला जातो. म्हाताऱ्यांची पायपीट वाचली, हे फार चांगलं झालं. मीही आता पेन्शनर आहे. दर नोव्हेंबरात फोनपुढं डोळे मिचकावतो आणि दोन मिनिटांत जिवंत ठरतो. पण त्या पोरानं ओळखलेली गोष्ट मला अजून पटते. माणूस जिवंत आहे हे सरकारला कळलं की पेन्शन चालू राहते. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं तर माणूस चालू राहतो.

तुमच्या वाड्यात, सोसायटीत असं एखादं दार असेलच. मुलं परगावी, बाहेर फारसं न दिसणारं कुणीतरी आत असेल. या रविवारी बेल वाजवा. काम विचारलं तर काम नाही म्हणून सांगा, आणि चहा होईस्तोवर बसा.