चार खोल्यांचं सोवेटो

नगररचनेच्या वर्गात मी विद्यार्थ्यांपुढे सर्वांत आधी एका घराचा नकाशा ठेवते. चार खोल्या, जेमतेम 40 चौरस मीटर जागा, संडास मागच्या अंगणात. मूळ बांधकामात आतल्या खोल्यांना दारंही नव्हती. जोहान्सबर्गच्या नैऋत्येला सोवेटोत अशी हजारो घरं ओळीनं उभी आहेत. काडेपेटीची घरं म्हणूनच ती ओळखली जातात. सोवेटो म्हटलं की आपल्याला नेल्सन मंडेला आणि 1976 चा उठाव आठवतो. पण तो उठाव कळायला हवा असेल, तर ही घरं कोणी आणि कशासाठी बांधली हे आधी पाहावं लागतं.

सुरुवात प्लेगपासून झाली. 1896 मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगमुळे 1898 मध्ये तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाटीच्या वस्त्यांवर हातोडा पडू लागला. तीच साथ मार्च 1904 मध्ये जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तीत पोचली. तिथे वकिली करणाऱ्या गांधीजींनी एका रिकाम्या गोदामात रुग्णांची शुश्रूषा केली. नगरपालिकेनं वस्ती रिकामी करून जाळून टाकली आणि तिथल्या भारतीय व कृष्णवर्णीय रहिवाशांना सुमारे 20 किलोमीटरवरच्या क्लिपस्प्रुटला हलवलं. भारतीयांना पुढे शहरात परतता आलं. कृष्णवर्णीयांची वसाहत मात्र शहराच्या मैलापाण्याच्या प्रकल्पाशेजारी कायमची झाली. साथ ओसरली तरी त्यांना परत बोलावलं गेलं नाही.

शहराला त्यांचे हात हवे होते, शेजार नको होता. 1930 च्या दशकात ऑर्लँडो ही आजच्या सोवेटोतली वसाहत वसवली गेली, पण माणसं घरांपेक्षा कितीतरी जास्त होती. 1944 मध्ये जेम्स म्पांझा यांनी बेघर कुटुंबांना घेऊन नगरपालिकेच्या मोकळ्या जमिनीवर गोणपाटाच्या झोपड्या उभारल्या. सरकारला घरबांधणी मनावर घ्यावी लागली, त्यामागे या बंडाचा मोठा वाटा आहे. 1956 मध्ये खाणमालक अर्नेस्ट ओपनहायमर यांच्या पुढाकारानं 30 लाख पौंडांचं कर्ज मिळालं आणि काडेपेट्यांच्या रांगा वाढत गेल्या. वर्णभेदी सरकारनं झुलू, सोथो अशा भाषिक गटांना वेगवेगळ्या भागांत वाटून टाकलं. घर भाड्याचं, जमीन सरकारची. ‘सोवेटो’ हे सामायिक नाव या वसाहतींना 1963 मध्ये मिळालं.

नकाशात संस्कृतीसाठी जागा नव्हती. ती रहिवाशांनी काढली. 1962 पर्यंत कृष्णवर्णीयांना विलायती दारू विकत घेण्याची बंदी होती आणि ज्वारीच्या बिअरचे गुत्ते नगरपालिकाच चालवायची. बायकांनी घरातच बिअर गाळून विकली. पोलिसांचे छापे झेलत चाललेल्या या ‘शिबीन’मध्ये जॅझ वाजलं, राजकारणावर वाद झडले आणि कित्येक मुलांच्या शाळेची फी निघाली. आपल्या भिशीसारख्या ‘स्टॉकव्हेल’मध्ये बायका आजही दरमहा पैसे साठवतात, अंत्यविधीच्या खर्चासाठी वेगळी मंडळं असतात. फुटबॉलनं तर भाषेच्या भिंतीच मोडल्या. 1937 चा ऑर्लँडो पायरेट्स आणि 1970 चा कायझर चीफ्स यांच्या सामन्याला एकेका घरात दोन पक्ष पडतात.

या वस्तीच्या कुशीतच ऑर्लँडोचं वीजकेंद्र होतं. त्याची वीज जोहान्सबर्गला जायची. सोवेटोतली बहुतेक घरं 1980 च्या दशकापर्यंत कोळशाच्या शेगडीवर आणि मेणबत्तीवर जगली. विद्यार्थ्यांना हे सांगताना मला आजही संताप येतो.

सोवेटोतला साचलेला संताप 16 जून 1976 ला रस्त्यावर आला. गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती झाली होती. हजारो मुलं मोर्चानं निघाली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 12 वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून धावणाऱ्या मुलाचं सॅम न्झिमा यांनी टिपलेलं छायाचित्र जगभर गेलं. त्या दिवसांत मुलांनी सरकारी कचेऱ्यांबरोबर बिअरचे सरकारी गुत्तेही जाळले. आपल्या आईबापांची मजुरी कुठे जिरते, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. उठावानंतर 1978 मध्ये सरकारला रहिवाशांना घरांसाठी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याचा हक्क द्यावा लागला.

आज विलाकाझी रस्त्यावर मंडेलांचं जुनं घर पाहायला पर्यटक येतात. त्यांनी शेजारच्या गल्ल्यांतही जावं. काडेपेट्यांना जोडलेले ओटे, वाढवलेल्या खोल्या, परसात भाडेकरूंसाठी बांधलेली खोपटी तिथे दिसतात. सोवेटोची खरी नगररचना मला तिथे दिसते, कारण ती राहणाऱ्यांनी केलेली आहे.

आपल्या शहरांतही गरिबांना उठवून दूर टोकाला घरं दिली जातात. अशी योजना जाहीर झाली की तीन प्रश्न जरूर विचारा: घराची मालकी कोणाची, कामाचं ठिकाण किती लांब, आणि नकाशा काढताना राहणाऱ्यांना कोणी विचारलं का?