हेडसेटला डोळे मिळाले

व्हीआर हेडसेट घालून मान वळवली की समोरचं दृश्यही लगेच वळतं. मान किती वळली, हे आतला जायरोस्कोप सांगतो. पण आपण पाऊलभर पुढे सरकलो, तर? डोळे मिटून घरात चालावं, तसा आतल्या संवेदकांचा अंदाज क्षणाक्षणाला ढळत जातो. म्हणून २०१६च्या ऑक्युलस रिफ्ट हेडसेटसोबत टेबलावर ठेवायचा वेगळा कॅमेरा येई. हेडसेटवरचे अवरक्त दिवे टिपून तो जागा ठरवी. कटकट मात्र भारी: वायर संगणकापर्यंत ओढा, आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली की हातातला कंट्रोलर त्याला दिसेनासा! २०१९च्या ऑक्युलस क्वेस्टने चार कॅमेरे हेडसेटवरच बसवले. खिडकीची चौकट, कपाटाचा कोपरा हेरून ते स्वतःची जागा काढतात. अंधारात किंवा कोऱ्या भिंतीपुढे मात्र तेही गडबडतात. तेव्हा खेळताना खोलीतला दिवा चालू ठेवा.