निळ्या-केशरी मोज्यांचं गणित

आपल्याकडे क्रिकेटवेडं माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर मुलगाच येतो. त्याला वाढदिवसाला बॅट, आयपीएल आली की जर्सी, सामन्याच्या दिवशी टीव्हीसमोरची हक्काची खुर्ची. मुलीला तेच वेड असलं तर "हिला काय कळतंय त्यातलं!" म्हणून घर हसून मोकळं होतं.

माझी भाची अकरावीत आहे. २०१७ साली लॉर्ड्सवर आपल्या मुली इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी विश्वचषक हरल्या, तेव्हा ती एवढीशी होती. पण त्या रात्री जेवली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला. मध्यरात्र उलटली तरी ही गार शहाबादी फरशीवर अनवाणी बसलेली. आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, तेव्हा भावाच्या अंगात नवी जर्सी होती आणि हिच्या अंगात त्याचाच जुना स्वेटर. माझ्या मनात आलं, हिच्या वेडाची म्हणून एक तरी वस्तू घरात असायला हवी.

"मोजे विणते तुला," म्हटलं, तर लगेच फर्माईश आली, "मावशी, निळे-केशरी. आणि १८ नंबर!" १८ म्हणजे स्मृती मानधना. सांगलीत वाढलेली, म्हणजे आपल्यातलीच की!

मैत्रिणींनो, एका रंगाचे मोजे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी विणले असतील. दोन रंगांचे विणायचे म्हटलं की हात थबकतो. खरं तर कृती सोपी आहे. एका ओळीत दोनच रंग घ्यायचे, ज्याची पाळी नाही तो धागा मागून न्यायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आइल नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच विणत आल्या. १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना त्यांच्या विणीचा स्वेटर घातला आणि जगभर त्याची फॅशन झाली. खेळ आणि रंगीत विणकाम यांचं नातं असं जुनं आहे.

मोज्यात सगळी गंमत आतल्या बाजूला असते. मागून जाणारा धागा लांब राहिला तर पायाची बोटं त्यात अडकतात. घट्ट ओढला तर वीण चुणते आणि मोजा टाचेवरून चढतच नाही. म्हणून नक्षी अशी निवडायची की एक रंग सलग चार टाक्यांपेक्षा जास्त येणार नाही. आणि रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी जरा पसरवून घ्यायचे, म्हणजे मागचा धागा आपोआप सैल पडतो.

मी नक्षी घेतली तीन स्टंपांची. एक केशरी, एक निळा, एक केशरी, एक निळा, एक केशरी आणि मग तीन निळे. झाले आठ टाके. पोटरीभोवती ६४ टाके घातले की बरोब्बर आठ वेळा स्टंप उभे राहतात. वरून खाली विणत असाल तर आधी बेल्सची ओळ घ्या : पाच केशरी, तीन निळे. तेवढ्या एका ओळीत केशरी रंग सलग पाच येतो. तिथे मागचा निळा धागा मधल्या टाक्याशी केशरी धाग्यात एकदा अडकवून घ्यावा.

आता ६४ च का? भाचीच्या पावलाचा घेर आठ इंच आणि माझ्या हाताला बारीक लोकरीत इंचाला आठ टाके बसतात. साधा मोजा पावलापेक्षा थोडा लहान विणतात, तो ताणून बसतो. त्याला मला ५६ पुरतात. पण दोन धाग्यांची वीण फारशी ताणली जात नाही, म्हणून नक्षीला पूर्ण मापाचे टाके लागतात. घोट्यापाशी नक्षी संपली की टाके कमी करायचे, आणि टाच नि पाऊल एकाच रंगात. बुटात मागचे धागे नकोच.

१८ आकडा मात्र विणायचा नाही. एवढ्याशा आकड्यासाठी केशरी धागा पूर्ण पायाभोवती कोण फिरवत बसणार? मोजा झाल्यावर जाड सुईत केशरी धागा ओवून, विणलेल्या टाक्याच्या वाटेनेच वरून भरायचा. चौकटीच्या कागदावर आकडा जरा उंच काढा. टाका उंचीला कमी नि रुंदीला जास्त असतो, त्यामुळे कागदावरचा सडपातळ ८ मोज्यावर भोपळा होतो! एका पायावर १, दुसऱ्यावर ८ करणार असाल तर समोरच्याला वाचता यायला १ उजव्या पायावर हवा. हे भाचीनेच शोधून काढलं. "कळतंय काय त्यातलं" म्हणणाऱ्या तिच्या आजीच्या समोर.

लोकरीचं बोलायचं तर आमच्या बाजारात बहुतेक अॅक्रिलिकच मिळते. तीही चालते, पण घाम टिपत नाही. शहरात कुणी जाणार असेल तर पाऊण हिस्सा लोकर नि पाव हिस्सा नायलॉन अशी मोज्यांची लोकर मागवावी, टाच लवकर झिजत नाही. दोन्ही रंगांचे गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून बघा. आकाशी आणि केशरी त्यात जवळजवळ सारखेच करडे दिसतात, म्हणजे नक्षी दुरून उठणार नाही. गडद निळा घेतला की स्टंप लांबून मोजता येतात. केशरी धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का तेही पाहावं.

आमच्या मंडळात मोजे दाखवले तर एक जण म्हणाली, "बाजारात पन्नास रुपयांत मिळतात की!" मिळतात ना. स्टंपांचे मिळाले तर मलाही आण म्हटलं. परवा तिघी जणी नक्षीचा कागद मागायला आल्या. दोघींना लेकीसाठी हवाय. तिसरीला स्वतःसाठी, अंतिम सामन्यात पाच बळी घेणाऱ्या दीप्ती शर्माचा नंबर घालून. तो कितवा, ते भाचीला विचारून सांगते म्हटलंय.