डिजिटल कार्डसंग्रह : वाढ, घट आणि मोड

डिजिटल ट्रेडिंग कार्ड गेममध्ये खेळाडूच्या खात्यात जमा झालेल्या सगळ्या कार्डांना संग्रह म्हणतात आणि त्यातून सामन्यासाठी निवडलेल्या कार्डांना डेक. डेकचा आकार ठरलेला असतो. ‘हार्थस्टोन’मध्ये तो 30 कार्डांचा, ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’मध्ये 20 कार्डांचा, ‘मार्व्हल स्नॅप’मध्ये 12 कार्डांचा, तर ‘क्लॅश रॉयल’मध्ये अवघ्या 8 कार्डांचा असतो. संग्रह मात्र वाढतच राहतो, आणि खेळाडूचा बराचसा वेळ, पुष्कळदा पैसाही, तो वाढवण्यात खर्च होतो.

या खेळांचे मूळ कागदी कार्डांत आहे. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ 1993 मध्ये अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. बंद पाकिटात काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नसे; पण नको असलेले कार्ड दुसऱ्याला देऊन हवे ते घेता येई, विकताही येई. दुर्मीळ कार्डाचा भाव खेळाडूंच्या आपसातल्या व्यवहारातून ठरे. बहुतेक डिजिटल खेळांनी पाकीट ठेवले आणि हा बाजार काढून टाकला. पाकीट विकणारी, जादा कार्ड परत घेणारी आणि दोन्हींचे दर ठरवणारी कंपनी एकच झाली. त्यामुळे संग्रह कसा वाढवावा, हा प्रश्न मुख्यतः तिच्या दरपत्रकाचा आहे.

मोडणे आणि घडवणे

ब्लिझार्ड कंपनीच्या ‘हार्थस्टोन’ने 2014 मध्ये रूढ केलेली पद्धत पुढे अनेकांनी उचलली. येथे नको असलेले कार्ड मोडले की ‘डस्ट’ मिळते आणि डस्ट खर्चून हवे ते कार्ड घडवता येते. कार्डांच्या चढत्या दुर्मीळतेच्या श्रेणी कॉमन, रेअर, एपिक आणि लेजंडरी अशा आहेत. कॉमन कार्ड घडवायला 40 डस्ट लागते, मोडल्यास 5 मिळते. रेअरसाठी हे आकडे 100 आणि 20, एपिकसाठी 400 आणि 100, तर लेजंडरीसाठी 1600 आणि 400 आहेत. सराफाकडे दागिना मोडीत घालताना घट धरतात तशी ही घट आहे, फक्त कितीतरी मोठी. चार लेजंडरी मोडाव्यात तेव्हा एक घडते. कॉमन कार्डांतून तीच उभी करायची तर 320 कार्डे मोडावी लागतात.

एका पाकिटात पाच कार्डे असतात आणि त्यांपैकी किमान एक रेअर किंवा त्याहून वरचे असते. चार कॉमन आणि एक रेअर असे अगदी साधे पाकीट निघाले, तर ते पूर्ण मोडून 40 डस्ट हाती येते; म्हणजे अशी 40 पाकिटे मोडल्यावर एक लेजंडरी. एखाद्या संचाची, म्हणजे एकत्र प्रकाशित झालेल्या कार्डांच्या मालिकेची, सलग पाकिटे फोडणाऱ्याला 40 पाकिटांच्या आत एक लेजंडरी मिळतेच, अशी हमीही खेळात आहे. 2016 पासून ‘स्टँडर्ड’ प्रकारात जुने संच दरवर्षी बाद होतात. ती कार्डे ‘वाइल्ड’ प्रकारात चालतात, पण स्टँडर्ड खेळणाऱ्याला नव्या संचाकडे वळावेच लागते.

लेव्हल वाढवणे

फिनलंडच्या सुपरसेलने 2016 मध्ये आणलेल्या ‘क्लॅश रॉयल’मध्ये तेच कार्ड पुन्हा मिळणे हाच लाभ असतो. एका कार्डाच्या पुरेशा प्रती आणि सोन्याची नाणी जमली की त्याची लेव्हल वाढते. एका लेव्हलमागे कार्डाचा मारा आणि सहनशक्ती साधारण दहा टक्क्यांनी वाढते. ही वाढ चक्रवाढ असल्याने चार-पाच लेव्हलचा फरक मोठा ठरतो. एरवी एका फटक्यात संपणारा शत्रू थोडा जीव राखून उरतो आणि तेवढ्यावर सामना फिरतो.

वर जावे तसा खर्च वेगाने चढतो. सुरुवातीच्या काळातील रचनेत कॉमन कार्डाच्या पहिल्या पायऱ्यांना 2, 4, 10, 20, 50 प्रती लागत. शेवटच्या पायरीला 5000. त्यामुळे सगळी कार्डे थोडी थोडी वाढवण्यापेक्षा एकाच डेकची आठ कार्डे पुढे नेणे फायद्याचे ठरते. आपल्या क्लॅनमधील, म्हणजे खेळाडूंच्या गटातील, सहकाऱ्यांकडे कार्डे मागण्याची सोयही त्यासाठी वापरली जाते.

फक्त रूप बदलणे

‘मार्व्हल स्नॅप’ 2022 मध्ये आला. त्याच्या निर्मात्यांपैकी बेन ब्रोड यांनी पूर्वी ‘हार्थस्टोन’चे नेतृत्व केले होते. या खेळात अपग्रेडने कार्डाची ताकद वाढत नाही. चित्र आधी चौकटीबाहेर येते, मग त्याला खोली येते, पुढे ते हलू लागते. कॉमनपासून इन्फिनिटीपर्यंतच्या सहा पायऱ्यांना मूळ दरांनुसार एकूण 1525 क्रेडिट आणि त्याच कार्डाचे 155 बूस्टर लागतात. प्रत्येक पायरीगणिक ‘कलेक्शन लेव्हल’ वाढते आणि त्या वाटेवर नवी कार्डे मिळतात. म्हणजे सजावटीवरचा खर्च आडमार्गाने संग्रह वाढवतो. पहिल्या पायरीला 25 क्रेडिट लागून लेव्हल 1 ने वाढते. शेवटच्या पायरीला 500 लागून 10 ने. पहिली पायरी सर्वांत स्वस्त पडते ती अशी.

हवे ते कार्ड मिळवण्यासाठी ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ने ऑक्टोबर 2024 मध्ये वेगळा तोडगा आणला. दिवसाला दोन पाकिटे फुकट मिळतात आणि प्रत्येक पाकिटामागे त्या संचाचे 5 गुण जमा होतात. चार हिऱ्यांच्या दुर्मीळतेचे ‘ईएक्स’ कार्ड गुण देऊन घ्यायचे तर 500 गुण, म्हणजे 100 पाकिटे लागतात. फुकटच्या पाकिटांवर त्याला 50 दिवस लागतात.

शक्यता आणि शिस्त

पाकिटातील नशिबाच्या भागावर सरकारांचीही नजर गेली. चीनमध्ये मे 2017 पासून कार्ड निघण्याची शक्यता जाहीर करणे बंधनकारक झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अॅपलने आपल्या अॅप स्टोअरसाठी तसाच नियम केला. बेल्जियमच्या नियामकाने 2018 मध्ये पैसे देऊन घेण्याच्या अशा नशिबावर चालणाऱ्या पेट्यांना (लूट बॉक्सना) जुगाराच्या कायद्यात बसवले.

मुरलेले खेळाडू काही पथ्ये पाळतात. नवा संच आल्यावर पहिल्याच आठवड्यात महागडे कार्ड घडवत नाहीत, कारण कोणता डेक टिकणार हे तेव्हा ठरलेले नसते. अनेक डेकमध्ये चालणाऱ्या कार्डाला ते आधी खर्च करतात. फार प्रबळ ठरलेले कार्ड मोडत नाहीत. ‘हार्थस्टोन’मध्ये कंपनीने अशा कार्डाची ताकद घटवली की काही दिवस ते मोडल्यास घडवण्याइतकीच पूर्ण डस्ट मिळते. तेथे जादा प्रती मात्र लगेच मोडल्या तरी चालतात, कारण डेकमध्ये एका कार्डाच्या दोनच प्रती चालतात आणि लेजंडरीची एकच.

मालकीचा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी आहे. डिजिटल कार्ड खेळाडूचे नसते. कंपनीच्या सर्व्हरवर ते वापरण्याची त्याला परवानगी असते. ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईझ यांचा करार संपल्याने जानेवारी 2023 मध्ये चीनमधील ‘हार्थस्टोन’ बंद पडला आणि सप्टेंबर 2024 मध्ये परतला. मधले वीस महिने तेथील खेळाडूंना आपला संग्रह वापरता आला नाही. अपग्रेडवर किती खर्च करावा याचा हिशेब मांडताना ही अटही धरावी लागते.