बैलगाडीचा भार आणि बैलाचा खांदा

गळिताचा हंगाम सुरू होऊन उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की काही बैलांच्या खांद्यांस सूज आलेली दिसू लागते. ओझे फार झाले म्हणून खांदा आला, असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु तेवढ्याच वजनाचे ओझे एका गाडीत बैलांस सोसते आणि दुसरीत सोसत नाही, याचा उलगडा त्याने होत नाही. गाडीवर कोणकोणती बले कार्य करतात हे समजून घेतले म्हणजे तो होतो.

पृथ्वी वस्तूस ज्या बलाने आपणाकडे ओढते त्या बलास वजन म्हणतात. १ किलोग्रॅम वस्तुमानावर हे बल सुमारे ९.८ न्यूटन असते. व्यवहारात त्यास १ किलोभार म्हणणे सोयीचे आहे. गाडीचे वजन सरळ खाली असते. जमीन चाकांना आणि बैल जुवाला वर रेटून ते तोलून धरतात. चिखलात जमिनीस पुरेसा आधार देता येत नाही, म्हणून तेथे चाक रुतते.

सपाट रस्त्यावर बैलांची ओढ पुढे व वजन खाली, अशा दोन निराळ्या दिशा असल्यामुळे बैलांस सर्व ओझे ओढून उचलावे लागत नाही. त्यांस जिंकावे लागते ते घर्षण. म्हणजे आखाशी होणारे आणि चाक व रस्ता यांमधील. वंगण, बॉल बेअरिंग व रबरी टायर यांचा उपयोग येथेच होतो. मात्र घर्षण सर्वस्वी शत्रू नव्हे. बैल खुराने जमीन मागे रेटतो आणि जमीन घर्षणाने त्यास पुढे रेटते. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर खूर घसरू लागले की धष्टपुष्ट बैलही हतबल होतो.

चढावर मात्र वजनाचाच एक हिस्सा मागे ओढू लागतो. २० मीटरांत १ मीटर चढ असेल तर १,००० किलोच्या गाडीस ५० किलोभार अधिक ओढ लागते. बैलाने दिवसभर सहज द्यावयाची ओढ त्याच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा धरतात. ८०० किलो वजनाच्या जोडीस ती ८० किलोभार होते. त्यातील ५० एकट्या चढानेच घेतले! ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी ओझ्यास मर्यादा घातल्या आहेत आणि लांब व तीव्र चढाच्या रस्त्यासाठी त्या निम्म्यावर आणल्या आहेत, त्याचे कारण हेच.

आता खांद्याचा प्रश्न. दुचाकी गाडी ही आखावर टेकलेली तरफ आहे. आखापासून जू २५० सेंटिमीटर असेल आणि १०० किलोचे पोते आखापुढे ५० सेंटिमीटरवर ठेवले, तर जुवावर २० किलोभार येतो. तेच पोते आखावर ठेवल्यास काहीच येत नाही. आखामागे ठेवल्यास जू वर उचलले जाते, गाडी उलाळ होते व गळ्याखालचा दोर बैलाचा श्वास कोंडतो. तेव्हा गाडी किंचित पुढे जड असावी.

उंच रचलेल्या उसाची किंवा कडब्याची गोष्ट याहून अवघड. समजा, गाडीसह १,००० किलो भाराचा गुरुत्वमध्य आखाच्या १ मीटर वर व ५ सेंटिमीटर पुढे आहे. सपाटीवर जुवावर २० किलोभार येईल. वर सांगितलेल्याच चढावर गुरुत्वमध्य सुमारे ५ सेंटिमीटर मागे सरकतो आणि जुवावरील भार जवळजवळ नाहीसा होतो. तेवढ्याच उतारावर तो ४० किलोभार होतो. चढ याहून तीव्र असेल तर गाडी उलाळ झालीच म्हणून समजावे. गाडी घरून निघताना तोललेली होती, एवढ्यावर म्हणूनच विसंबता येत नाही. जड माल तळाशी ठेवला व रास बेताची उंच केली तर हा फरक पुष्कळ कमी होतो, आणि त्यास पैसाही लागत नाही.

जुवावरील भार मोजणे कठीण नाही. सपाट जागी भरलेल्या गाडीचे बैल सोडावे, चाकांस उटी लावावी आणि जू बैलांच्या खांद्याइतक्याच उंचीवर ताणकाट्याने मध्यभागी तोलून धरावे. काटा दाखवील तो दोन्ही खांद्यांचा मिळून भार होय. ग्रामसेवकांनी हा प्रयोग प्रथम माल आखावर आणि मग तोच माल हातभर पुढे सरकवून करून दाखवावा.