ऊसतोड मजुरांचा मधुमेह आणि परळची वाट

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना भागातील टोळ्या आपल्या फडात उतरतात. तोडणीचा दर, वाढे, वाहतूक यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. मजुरांच्या आजारपणाविषयी क्वचितच. मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. कष्टकरी, सडपातळ माणसालाही हा आजार होतो.

या आजारात रोजची गोळी, वेळेवर जेवण आणि ठराविक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते. तोडणीच्या कामात नेमके हेच मोडते. गावाकडून आणलेल्या गोळ्या फडात संपतात. दवाखान्यात जावे तर खाडा पडतो. कोयता नवरा-बायकोचा मिळून, म्हणून दोघांची मजुरी बुडते आणि उचल फिटायची राहते.

दोन धोके विशेष लक्षात घ्यावेत. पहिला, साखर एकदम उतरण्याचा. सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि भाकरी खाण्याआधी गाडी भरायला आली, तर थरथर, दरदरून घाम व भोवळ येते. बघणारे म्हणतात, पिऊन आला असेल! अशा वेळी माणूस शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व नंतर जेवू घालावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे. दुसरा धोका पायाचा. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. तोडलेल्या उसाच्या बुडख्याने झालेली जखम कळत नाही, ती चिघळते आणि काही वेळा पाय कापावा लागतो.

अशी जखम हाताबाहेर गेली की अनेकांची वाट मुंबईकडे वळते. दादरला उतरायचे आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जायचे. १९२६ पासून चालणारे महापालिकेचे हे रुग्णालय राज्यभरातील गरिबांचा आधार आहे. मात्र नातेवाइकांची दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत सोय झाली तर ठीक, नाहीतर पदपथ. याच परळ-लालबागमध्ये कोकण-साताऱ्याहून आलेले गिरणी कामगारही स्थलांतरितच होते. पण १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने त्यांना दवाखाना व आजारपणातील भत्ता मिळाला. शेतमजूर त्या छत्राबाहेरच राहिला. हा फरक आम्हाला न्याय्य वाटत नाही.

परळ गाठण्याची वेळ येऊ नये म्हणून फडमालकाला बरेच करता येते. टोळी आल्यावर पहिल्या आठवड्यातच गावच्या आशाताईंना कळवावे व तिशीपुढील सर्वांची साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आल्यास डॉक्टरांकडून पुन्हा खात्री करावी. आपले कार्ड गावाकडचे, इथे कोण विचारणार, असे मजुरांना वाटते. त्यांना सांगावे की १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. महात्मा फुले योजनेचा उपयोग मुख्यत्वे दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतो, रोजच्या गोळ्यांसाठी नव्हे. मुकादमाशी बोलून तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये, असे आधीच ठरवावे.

कोपीवर इन्सुलिन ठेवायचे असल्यास कुपी प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून, ओल्या मडक्यात सावलीला ठेवावी. वापरात असलेली कुपी अशी साधारण चार आठवडे चालते. उन्हात किंवा बर्फात ठेवल्यास ती निकामी होते.